उपाशी ठेवलेला तितर

माहा दीर पूनमसिंग, बायको जिती होती तवा तिले "जेवली काय" म्हणून कधी पुसला नसन. पण पिंजऱ्यातल्या तितराले तोंडानं पाणी पाजे. बायको गेली, लेकरूबाळ नाही. आर्णीजवळच्या आमच्या तांड्यात त्याचं म्हणावं असं तेवढंच. पाळलेला तितर वावरात बोलला की रानातले तितर भांडाले धावत अन् फाशात अडकत. त्याच्यावरच याची भाकर.

तितराले खायाले उधई लागते, वारुळातली वाळवी. वारूळ खोदून याचे हात सोलून निघत. चौसष्टच्या पावसाळ्यात पाटलानं कपाशीच्या पऱ्हाटीवर डीडीटीची पावडर मारली. अळ्या पानावर लुळ्या पडल्या, अन् हा मुठीनं वेचून आणे. मी म्हटलं, "काहून रे बाप्पा, औषधाच्या अळ्या चारून राह्यला?" तर म्हणे, "भोजाई, ते अळीले मारायची दवा हाय. तितर कायले मरन?" अन् खरंच, मेला नाही. उलट गुबगुबीत झाला. झालं! मग आमचं कोण ऐकते?

दिवाळीनंतर फासे लावायचे दिवस आले. भरल्या पोटी तितर बोलत नाही, म्हणून आधी त्याले उपाशी ठेवतात. ठेवला, तरी बोलला नाही. "माजला लेकाचा," म्हणून यानं अजून उपाशी ठेवला. सकाळी पाखरू थरथराले लागलं, मान मागं गेली. यानं धावत उधई आणली, चोच उघडून घातली, गिळलीच नाही. त्याच्या ओंजळीतच पाय झाडत गेलं. माणूस असा रडला की मले त्याले बोलाची लाज वाटली.

मेलेला तितर फडक्यात बांधून तो आर्णीच्या गुराच्या डॉक्टराकडे निघाला. त्याले एकट्याले काय बोलता येते? मी संग गेली. लोक हासले. डॉक्टर नवा होता, तो हासला नाही. सारं पुसून म्हणे, "हे विष चरबीत जाऊन बसते, थोडं थोडं साचते. खाऊनपिऊन होता तवरक दिसलं नाही. उपाशी ठेवला, चरबी झडली, अन् सारं एकदम रक्तात उतरलं."

"मंजे म्याच मारला," पूनमसिंग म्हणे.

डॉक्टरानं पुसलं, "त्या वावराचं पाणी कुठं जाते? नाल्यात? तिथल्या मासोळ्या खाता काय तुमी? त्याईच्या अंगातही असंच साचते. आईच्या दुधातही उतरते."

माही लेक बिजली बाळंतपणाले माहेरी आलेली. दूध यावं म्हणून मीच तिले रोज नाल्याच्या मासोळीचा रस्सा पाजून राह्यली होती. म्हटलं, "डॉक्टरसाहेब, मग लेकराले पाजावं का नोको?"

"मले सांगता येत नाही, बाई," म्हणे. खोटं तरी बोलायचं होतं मेल्यानं!

घरी आलो तं नातू रडून रडून निळा झालेला. तांड्यात एकही गाय दुधाची नव्हती. बिजलीनं त्याले मांडीवर घेतला, अन् पदराखाली घेता घेता पुसलं, "माय, डॉक्टर काय म्हणे?"

म्हटलं, "काही नाही. पाज त्याले."