डाव्या हाताचं माप

नाक्यावरच्या शिंपीमास्तरांनी चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारला, "कुठे आवळतंय का?" बायकोला मात्र कधी विचारला नाही. तिचे कपडे ते अंदाजाने शिवत, आणि मग ती दोन दिवस अबोला धरी.

तर त्या बायकोची, म्हणजे काकूंची, बोटं संधिवाताने धरली. डावा हात वाळून गेला, त्यात जोर नाही. उजव्यात जोर आहे, पण बोटं सुजून वळेनाशी झालेली. ओट्याखालच्या पाच कपाटांना सुपारीएवढ्या मुठी होत्या, त्या कुठल्याच हातात धरवेनात. मग एका कपासाठी "अहो!", एका झाकणासाठी "अहो!" सकाळभर मास्तर सुई टोचून ठेवत आणि उठत.

काकूंनी आयुष्यात नाकावर माशी बसू दिली नव्हती. त्यांनी मुलीला फोन केला, "रविवारी ये आणि मला घेऊन जा. आपल्याच घरात कप मागून घ्यायचा, तर मग कुठेही राहिलं तरी काय!" आणि बॅग भरून दारात ठेवली.

मूठ धरवत नाही, तर दारांना मूठच नको, असं मास्तरांनी ठरवलं. वरच्या कडेला मागून तिरपी खाच, ओट्याखाली बोटांपुरती फट. बोटं अडकवायची आणि ओढायचं. शेजारच्या सुताराला महिनाभर फुरसत नव्हती. "कापड काय आणि लाकूड काय, शेवटी कापायचंच ना?" म्हणत मास्तरांनी त्याच्याकडून फळ्या आणि हत्यारं आणली, फळ्यांवर शिंप्याच्या खडूने रेघा मारल्या आणि करवत चालवली.

पाचही दारं बसेनात. सुतार बघायला आला आणि पोट धरून हसत खालीच बसला.

"मास्तर, चारी बाजूंनी अर्धा-अर्धा इंच जास्त कशाला ठेवलात?"

"शिवणीत दुमडायला लागतं की!"

"अहो, लाकूड कुठे दुमडतं?"

मास्तरांनी मुकाट्याने कडा कापल्या. आता राहिली खाच. त्यासाठी त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि काकूंसमोर बसून बोटांची जाडी मोजली. एकेक बोट, एकेक पेर. काकूंनी टोमणा मारलाच, "लग्नाला इतकी वर्षं झाली, आज माझं माप घेतलंत!" पण हात काही मागे घेतला नाही.

शनिवारी दुपारी दारं बसली. काकूंनी उजवा हात पुढे केला, आणि बोटं फटीत शिरेचनात. डावी शिरली, पण त्यांच्याने दार हलेना. काकू बाहेर जाऊन बॅगेची चेन नीट लावून आल्या.

मास्तर कपाळाला हात लावून बसले. माप घेताना काकूंचा उजवा हात गरम पाण्यात शेकत होता. त्यांनी डाव्याचं घेतलं, कारण आयुष्यभर एका बाहीचं माप घेऊन दोन्ही बाह्या कापल्या होत्या. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. मग ते उठले, काकूंना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "उजवा दे. उसवून पुन्हा करतो." दिवेलागणीपर्यंत ते रंधा आणि पटाशी चालवत होते. दर दहा मिनिटांनी काकूंना बोलावून बोटं घालून बघत होते. घरभर भुसा झाला, पण काकू त्यावरूनही एक शब्द बोलल्या नाहीत. मास्तरांना त्याचीच जास्त भीती वाटली.

रविवारी मुलगी आली. आल्याआल्या म्हणाली, "आई, तू बस, चहा मी करते," आणि कपाटापुढे उभी राहिली. मूठ शोधली, दार ढकललं, खाली वाकून पाहिलं, टकटक करून पाहिलं.

"बाबा, हे उघडतं कुठून?"

"सरक," काकू म्हणाल्या. सुजलेली बोटं त्यांनी वरून फटीत घातली आणि ओढलं. दार उघडलं. त्यांनी ते लावलं, पुन्हा उघडलं. मग पुढचं. मग पाचही.

मास्तर दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "कुठे आवळतंय का?"

"नाही," काकू म्हणाल्या. मास्तरांना रडू फुटलं, आणि ते भुसा डोळ्यांत गेल्याचं सांगू लागले.

काकूंनी तीन कप काढून ओट्यावर ठेवले. "आणि तू गं, बघत काय उभी राहिलीस?" त्या मुलीला म्हणाल्या, "ती दारातली बॅग आत ने आधी. येता-जाता पायात येते."