काटे दाबलेले गळ

लिम अंकल मला कधी फोन करत नाहीत. ते आमच्या मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि बाबांचे मासेमारीचे मित्र. माझ्याशी त्यांचा संबंध कॉरिडॉरमध्ये मान हलवण्यापुरता. त्या शनिवारी सकाळी मी सिंगापूरच्या बिशान भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्समध्ये, प्राट्याच्या म्हणजे इथल्या पराठ्याच्या रांगेत उभी होते आणि फोनवर त्यांचं नाव आलं. “मित्रा आह, यू कम हॉस्पिटल,” त्यांनी मला नावाने हाक मारून सांगितलं. “युअर पापा फॉल डाउन, बस स्टॉप देअर. नो नीड टू रश. स्लोली कम, ओके?” आणि मग, “युअर मम्मी... आय डोन्ट डेअर कॉल.”

‘स्लोली कम’ म्हणाले तेव्हाच मला कळलं. घाई करण्यासारखं काही उरलं असतं तर त्यांनी घाई करायला सांगितलं असतं. मी “थँक यू, अंकल” म्हणाले, पार्सल आणून देणाऱ्याला म्हणतात तसं. तेवढ्यात माझा नंबर आला. स्टॉलवरच्या बाईंनी “सेम आह?” विचारलं आणि मी मान हलवली. आमचं दर शनिवारचं ठरलेलं, तिघांचं. ती पिशवी घेऊन मी घरी गेले, आईला सांगितलं, तिला घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले. संध्याकाळी परत आलो तेव्हा पिशवी टेबलावर होती तशीच होती. बाबांचा प्राटा कांदा घातलेला असायचा, त्याचा वास घरभर झाला होता.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. पांढरे कपडे घालून लोक आले, वंदना झाली, नागपूरहून काका येऊन परत गेले. मला रडू आलेलं नाही. कोणी विचारलं तर काय सांगायचं हे मी ठरवून ठेवलं होतं, पण कोणी विचारलं नाही. माझ्याबद्दल ‘ती शांत आहे’ एवढंच बोललं जातं, आणि त्याचा इथे उपयोग झाला.

बाबा भंडाऱ्याचे. तिथल्या तळ्यांवर लहानपणी बांबूच्या काठीला दोरा बांधून मासे धरायचे, घरी आणायचे, संध्याकाळी त्याचा रस्सा व्हायचा. इंजिनीअर होऊन सिंगापूरला आले तेव्हा मी दोन-तीन वर्षांची असेन. इथे पुष्कळ वर्षं त्यांनी गळाला हात लावला नाही. मग एकदा लिफ्टमध्ये लिम अंकलच्या हातात रॉड दिसला आणि बाबांनी विचारलं, कुठे निघालात? त्या रविवारी ते त्यांच्याबरोबर गेले आणि पुढे प्रत्येक रविवारी जात राहिले. आमच्या उत्तरेला जलाशय आहेत, लोअर सेलेटार आणि आणखी काही. बाबा त्यांना तलावच म्हणायचे. तिथे ठरवून दिलेल्या जागीच उभं राहायचं आणि गळाला जिवंत काही लावायचं नाही, फक्त प्लास्टिकचा नकली मासा. बाबांना याची फार गंमत वाटायची. “आम्ही गांडूळ लावत होतो,” ते म्हणायचे. “इथला मासा पहा बापा, प्लास्टिकले भुलते. शिकलेला आहे.”

ज्याच्या मागे सगळे असायचे तो पीकॉक बास. हिरवट-सोनेरी अंग, त्यावर काळे पट्टे, लालभडक डोळे आणि शेपटीवर आणखी एक डोळा असावा तसा काळा ठिपका. तो इथला नाही. कधीतरी कोणीतरी पाण्यात सोडला आणि राहिला. बाबा एकदा मला म्हणाले, “आपल्यासारखाच. पीआर झाला, इथला कायमचा रहिवासी.” त्यांच्या ग्रुपमध्ये दहा-बारा जण असतील. नियम असा, की बास पकडायचा, ओल्या कापडात घालून वजन करायचं, दुसऱ्या कोणीतरी ते पाहायचं आणि मासा परत सोडायचा. ज्याचा मासा सगळ्यांत मोठा त्याचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपला लागायचा आणि कोणी त्याहून मोठा पकडेपर्यंत तिथेच राहायचा. गेली कितीतरी वर्षं तिथे लिम अंकल होते, पोटाशी मासा धरून, डोळे मिटलेले. फोटो काढला तेव्हा नेमके त्यांचे डोळे मिटले. “स्लीपिंग चॅम्पियन,” बाबा म्हणायचे. अंकल म्हणायचे, “यू कॅच बिगर वन फर्स्ट, देन यू टॉक.”

आईला यातलं काही पटत नव्हतं. रविवारी सकाळी आमच्याकडे बुद्धवंदना होते, पंचशील म्हणतात; त्यातलं पहिलंच शील जीव न मारण्याचं. एका रविवारी वंदना संपली आणि बाबा उठून दारामागची रॉडची पिशवी खांद्याला लावू लागले. आई अजून हात जोडूनच बसली होती.

“पहिलं शील तोंडातून पुरतं निघालं बी नाही,” ती म्हणाली, “आणि छडी घेऊन चालले.”

“मी कुठं मारतो, सुनंदा? पकडतो आणि सोडतो.”

“सोडायचंच होतं तर पकडलं काहून? खात असते तर मला समजलं असतं. भूक असते माणसाला. हा तर नुसता छळ आहे.”

बाबांनी फोन काढला आणि आदल्या आठवड्यात सोडलेल्या माशाचा फोटो तिला दाखवला, कसा छान पोहत गेला ते पाहा म्हणून. आईने फोटो मोठा करून पाहिला आणि फोन परत दिला. “त्याचं तोंड पाहा,” एवढंच म्हणाली. माशाचा जबडा एका बाजूने फाटलेला होता.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. गळाच्या टोकापासून जरा आत एक बारीक उलटा काटा असतो. मासा अडकला की त्या काट्यामुळे त्याला सुटता येत नाही. गळ बाहेर काढताना तोच काटा मांस फाडतो. त्या दिवशी बाबा गेले नाहीत. जेवण झाल्यावर डब्यातले सगळे नकली मासे त्यांनी वर्तमानपत्रावर मांडले, पक्कड घेतली आणि एकेक उलटा काटा दाबून सपाट केला. एका नकली माशाला तीन-तीन टोकांचे दोन गळ असतात, त्यामुळे दुपार गेली. मी बाजूला बसून लॅपटॉपवर काम करत होते. दर वेळी कट्ट असा छोटा आवाज यायचा.

“आता काटा नाही,” त्यांनी आईला सांगितलं. “राहिला तर राहिला, गेला तर गेला. त्याची मर्जी.”

“बोलायला काय जाते,” आई म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. तिचा विश्वास बसला नाही. तिने डबाही उघडून पाहिला नाही. त्या डब्याला ती हातच लावायची नाही.

त्यानंतर बाबांचे मोठे मासे सुटू लागले. काटा नसेल तर दोरा सतत ताणलेला ठेवावा लागतो. जरा सैल पडला की मासा डोकं झटकतो आणि जातो. दुपारी बाबा घरी आले की आई स्वयंपाकघरातूनच विचारायची, “मिळालं काही?” बाबा म्हणायचे, “सुटला.” आई म्हणायची, “चांगलं झालं.” मग जेवायला बसायचं. इतक्या रविवारी हे झालं की मी ते ऐकायचं सोडून दिलं होतं.

ते सहज घेत होते असं मात्र नव्हतं. या वर्षअखेर निवृत्त होऊन दोघं नागपूरला परत जाणार होते. घर घेऊन झालं होतं. मी इथेच राहणार होते. जायच्या आधी एकदा आपला फोटो ग्रुपला लागावा, एवढं एक त्यांना हवं होतं. दुसरं काही त्यांनी इथे स्वतःसाठी मागितल्याचं मला आठवत नाही. लिम अंकलना ते माहीत होतं. एकदा कॉरिडॉरमध्ये त्यांनी एक नवाकोरा नकली मासा बाबांच्या हातात दिला, पाकीट न उघडलेलं. “धिस वन डोन्ट प्रेस,” ते म्हणाले. “वन टाइम ओन्ली. गेट रेकॉर्ड फर्स्ट, देन गो बॅक इंडिया बी गुड मॅन. युअर वाइफ नेव्हर चेक.” बाबा हसले. पाकीट मात्र त्यांनी घेतलं.

पुढे अंकलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि काही आठवडे बाबांना साक्षीदार उरला नाही. ग्रुपमधल्या इतरांशी त्यांची तेवढी ओळख नव्हती. त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणाले, कारण तिथे कोणाशी बोलावं लागणार नाही असं वाटलं, आणि तसंच होतं. आम्ही बसने जायचो, मी पुस्तक घेऊन सावलीत बसायचे. ते मराठीत काहीतरी सांगायचे, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. आमचं आयुष्यभर असंच चाललं. ‘मराठीत बोल’ असं ते कधी म्हणाले नाहीत. ते फक्त स्वतः मराठीत बोलत राहिले.

शेवटच्या रविवारी पोचल्यावर त्यांनी डबा उघडला आणि लिम अंकलचं पाकीट बाहेर काढलं. पुस्तकाच्या वरून मला दिसत होतं. त्यांनी ते उलटसुलट केलं. प्लास्टिकमधून काटे दिसत होते, उभे. नखाने पाकिटाची कड थोडी उचलली... मग परत दाबली आणि पाकीट तळाशी ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. दुसरा एक जुना, रंग उडालेला नकली मासा काढून त्यांनी दोऱ्याला बांधला.

थोड्या वेळाने ते एकदम ओरडले, “मित्रा, जाळी!” मी बाबांना ओरडताना क्वचित ऐकलं होतं. रॉड इतका वाकला होता की मला वाटलं तुटेल. मी जाळी घेऊन पाण्याच्या कडेला गेले. मासा एकदा लांब वर आला, मग पुष्कळ वेळ दिसलाच नाही, आणि मग अगदी जवळ आला. मी त्याला पूर्ण पाहिलं. लाल डोळा, शेपटीवरचा ठिपका. लिम अंकलचा फोटो मी इतक्या वेळा पाहिला होता की शंका नव्हती. हा मोठा होता. “ताण धरला आहे,” बाबा हळू म्हणाले, “तू घाई नको करू.” मी जाळी पाण्यात घातली. मासा उसळला, हवेत डोकं झटकलं, आणि नकली मासा सुटून आमच्या मागच्या गवतात जाऊन पडला.

पाणी बराच वेळ हलत होतं. मी जाळी धरून तशीच उभी होते.

“पाहिला ना तू?” बाबांनी विचारलं.

“येस.”

“मग झालं.”

घरी आलो. आईने विचारलं, “मिळालं काही?” बाबा म्हणाले, “सुटला.” आई म्हणाली, “चांगलं झालं.” बाबांनी आवाजसुद्धा बदलला नाही. मीही काही बोलले नाही. नंतरच्या शनिवारी अंकल पहिल्यांदा काठीशिवाय चालू लागले, आणि रविवारपर्यंत कशाला थांबायचं म्हणून दोघं सकाळीच निघाले. बस स्टॉपपर्यंत पोचले.

गेल्या आठवड्यात लिम अंकल घरी आले, संत्री घेऊन. सोफ्याच्या कडेवर बसले. ग्रुपने ठरवलंय, म्हणाले, की फोटो बदलायचा, बाबांचा लावायचा. शेवटच्या रविवारी काय झालं ते बाबांनी त्यांना सांगितलं होतं. “यू सॉ, राइट? यू आर विटनेस. यू से हाऊ मेनी किलो, आय अॅक्सेप्ट.”

आईने माझ्याकडे पाहिलं. “कोणता मासा?”

मग मला सांगावं लागलं, आणि ते मराठीतच सांगावं लागलं. इतकं सलग मराठी मी आईशीही कधी बोलले नसेन. पाकिटाचं सांगितलं, जाळीचं सांगितलं, किती मोठा होता ते हातांनी दाखवलं. अंकलना एक शब्द कळत नव्हता, पण ते माझे हात बघत होते.

“मग सुटला कसा?” आईने विचारलं.

“काटा नव्हता ना.”

मी अंकलना म्हणाले, “नो वेइंग, अंकल. सो कॅनॉट.” वजन झालं नाही तर रेकॉर्ड नाही, हा नियम बाबा स्वतः सगळ्यांना ऐकवायचे. “सेम लाइक हिम, यू,” अंकल म्हणाले.

आई उठली आणि दारामागून डबा घेऊन आली. झाकण कुठून उघडतं ते तिला माहीत नव्हतं, मी उघडून दिलं. तिने एक नकली मासा घेतला, गळाच्या आतल्या बाजूने अंगठा फिरवला. मग दुसरा घेतला. एकेक करत सगळे पाहिले, रंग उडालेलेसुद्धा. सगळे सपाट होते. तळाशी ते पाकीट होतं. कड थोडी उचललेली, बाकी बंद. तिने ते फाडलं, अंगठा लावला आणि पटकन मागे घेतला.

“पक्कड आण,” ती मला म्हणाली.

मी आणली. तिला जमत नव्हतं, हात घसरत होता. “धर इकडून,” म्हणाली. मी धरलं. सहाही काटे दाबून झाले. मग तिने तो नकली मासा डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि डबा लिम अंकलच्या मांडीवर ठेवला. 

“आंटी,” ते म्हणाले, “लाइक धिस, फिश ऑल रन अवे.”

“रन अवे, नेव्हर माइंड,” आई म्हणाली.

पक्कड अजून टीव्हीच्या बाजूला पडली आहे. मी ती ड्रॉवरमध्ये ठेवलेली नाही आणि आईनेही नाही. या रविवारी वंदना झाली, आई स्वयंपाकघरात होती, मी ताटं घेत होते. माझा फोन वाजला. लिम अंकलनी फोटो पाठवला होता. त्यात नुसतं पाणी होतं, मधोमध गोल वलयं, आणि खाली दोन शब्द, ‘रन अवे’.

“लिम का?” आईने आतूनच विचारलं. “मिळालं काही?”

“सुटला,” मी म्हणाले.

“चांगलं झालं,” आई म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली.