हौसेची सूज

सोसायटीच्या हळदीकुंकवाला तिसऱ्या मजल्यावरच्या शोभाताई आल्या, तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांखाली चांगलीच सूज होती. शेजारच्या काकूंनी त्यांचा हात हातात घेऊन हळूच विचारलं, "घरी काही झालं का गं?"

"छे हो काकू! डोळ्यांखालचे खड्डे भरायला इंजेक्शनं घेतली, त्याची सूज आहे."

काकूंनी हात सोडला. "या वयात?" कुणीतरी पुटपुटलं.

तो सुटलेला हात माझ्या मनातून जाईना. रडून सुजलेल्या डोळ्यांची आम्ही किती मायेने विचारपूस करतो! पाठीवरून हात फिरवतो, चहा पाजतो. तेच डोळे हौसेपायी सुजले की आमची माया लगेच आटते. का? बाईने सुजायचं ते फक्त दुःखानेच? शोभाताईंनी नुसता डोळ्यांना पदर लावला असता, तरी सगळ्यांनी त्यांना जवळ घेतलं असतं. त्यांनी तो लावला नाही.

कुंकवाचा करंडा माझ्याच हातात होता आणि मीही तशीच थबकले होते. शोभाताईंनी चेहरा वर करून माझ्यासमोर धरला.

"लाव गं. कपाळ नाही सुजलेलं."