माग चालू असताना

तिसऱ्या खेपेलाही मीटरने लाईन चांगलीच दाखवली. लावण्या शेजारी उभी होती. तिने मीटरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भाई, तुम्ही आलात की ही नीट होते. तुम्ही गेलात की परत तेच."

हे कस्टमर नेहमी म्हणतात. गाडी मेकॅनिककडे नेली की तिचा आवाज बंद होतो, त्यातला प्रकार. एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण तिचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

मी सोलापुरात इंटरनेट लाईनच्या दुरुस्तीचं काम करतो. तांब्याच्या तारेवर फोन चालायचे तेव्हापासून या धंद्यात आहे. आता घरोघर फायबर झालं. फायबर म्हणजे केसाएवढी बारीक काचेची तार. तिच्यातून करंट जात नाही, उजेड जातो. घरात बसवलेला पांढरा डबा, म्हणजे मोडेम, त्या उजेडाचं इंटरनेट करतो. उजेड पुरेसा पोचला नाही की मोडेमवर लाल लाईट लागते आणि सगळं थांबतं. किती उजेड पोचतोय ते बघायला आमच्याकडे मीटर असतं. ते चांगलं म्हणालं की आमच्या लेखी लाईन चांगली.

लावण्याचं घर पूर्व भागात. खाली कारखाना, वर राहायचं. कारखाना म्हणजे टॉवेलचे चार यंत्रमाग. ते तिचे सासरे नरसय्यामामा आणि तिचा नवरा चालवायचे. वरच्या खोलीत लावण्या हैदराबादच्या एका कंपनीसाठी मेडिकल कोडिंग करायची. पेशंटचे कागद वाचून प्रत्येक आजाराला, प्रत्येक उपचाराला ठरलेला नंबर द्यायचा. विमा मंजूर करताना ते नंबर लागतात. लाईन तुटली की कंपनीची सिस्टीम तिला बाहेर काढायची आणि अर्धी झालेली फाईल दुसऱ्या कुणाकडे जायची. हे रोजचं झाल्यावर टीम लीडरने कळवलं होतं की या महिन्यात लाईन सुधारली नाही तर हैदराबादच्या ऑफिसात येऊन काम करावं लागेल. लावण्याची मुलगी चौथीत. सासूचे गुडघे गेलेले, त्यांना जिना उतरता येत नव्हता. म्हणजे हैदराबाद म्हणजे नोकरी सोडणंच.

"बीकॉम झाल्यावर सात वर्षं घरात बसून होते," ती म्हणाली. "आत्ता कुठं लागलेय."

पहिल्या खेपेला मी मोडेमपासून कॉम्प्युटरपर्यंतची केबल बदलली होती. दुसऱ्या खेपेला मोडेम आणि त्याचा अडॅप्टर बदलला, खांबावरचा डबा उघडून तपासला. आता बदलायला काही उरलं नव्हतं. सुपरवायझर साहेबांना फोन लावला.

"रीडिंग काय?"

"चांगलंय साहेब."

"मग 'नो फॉल्ट फाउंड' टाक आणि कंप्लेंट बंद कर. किती वेळा जाणार एका घरी? मंद्रूपची लाईन सकाळपासून पडलीय."

साहेबांचं चुकत नव्हतं. मी सामान आवरलं. लावण्याने पाणी दिलं. खाली दारात नरसय्यामामा उभे होते. "झालं का काम?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. हो म्हणालो की नाही, ते माझं मलाच कळलं नाही.

शिडी गाडीला बांधत होतो, तेवढ्यात कारखान्यात माग सुरू झाले. चार माग एकदम चालू झाले की शेजारचा माणूस काय बोलतो ते ऐकू येत नाही. म्हणून लावण्या गॅलरीतून हाका मारत होती ते मला कळलंच नाही. दोन्ही हात हलवताना दिसली तेव्हा वर बघितलं. तिने हाताने खूण केली. लाईन गेली.

शिडी तशीच सोडून मी आत पळालो. मला परत आलेला बघून मामांनी लगेच माग बंद केले. जिना चढून वर जातो तर मोडेमवरची लाल लाईट विझलेली, लाईन चालू.

मी तिथंच थांबलो. मग जिन्यातूनच विचारलं, "मामा, तुम्ही माग बंद का केले?"

"तुमी आलात की. एवढ्या आवाजात तुमाला फोनवर ऐकू कसं येणार?"

"याच्या आधी आलो होतो, तेव्हापण बंद केले होते?"

"व्हय. शिडी दिसली की बंद करतोच. पाहुण्या माणसाला लई तरास होतो त्या आवाजाचा."

मी तिन्ही वेळा बंद कारखान्यावरची लाईन तपासली होती. लावण्याच्याही हे ध्यानात येणं अवघड होतं. तिची ड्युटी आणि मागांची वेळ एकच. माग बंद असायचे तेव्हा तिचा कॉम्प्युटरही बंद असायचा. शिवाय माग चालू असताना लाईन सारखी जायची असंही नाही, मधूनमधून जायची.

"आता माग चालू करा," मी म्हणालो. "आणि मी सांगेपर्यंत बंद करू नका."

माग सुरू झाले. वायर मोडेममधून काढून मीटरला लावली. मघाशी स्थिर असलेला आकडा वरखाली होऊ लागला. मीटर लावण्याच्या हातात दिलं, तिला गॅलरीत थांबायला सांगितलं आणि वायरीचा माग काढत खाली आलो. ती खांबावरून येऊन कारखान्याच्या भिंतीवरून वर गेली होती. भिंतीवर मध्येच एक छोटी प्लास्टिकची डबी ठोकलेली होती. पूर्वी कुणीतरी लाईन टाकताना वायर कमी पडली असणार, म्हणून तिथं दोन तुकडे जोडले होते. डबीवर हात ठेवला तर हात थरथरायला लागला. भिंतीच्या पलीकडे, अगदी लागून, माग होता.

काचेच्या दोन तारा जोडायच्या तर टोकाला टोक बरोबर भिडावं लागतं. जराशी फट पडली तरी उजेड पुढे जात नाही. इथं जोड ढिला झाला होता आणि मागाच्या प्रत्येक ठोक्याला ती टोकं हलत होती. मी स्क्रू काढून डबी भिंतीपासून लांब, हातात धरली. वर बघितलं. लावण्याने मान डोलावली, आकडा स्थिर. डबी परत भिंतीला टेकवली. तिने नाही म्हणून हात हलवला.

मोबाईलवर दोन्ही वेळच्या आकड्यांचा व्हिडिओ काढला आणि गल्लीच्या टोकाला जाऊन साहेबांना पाठवून फोन लावला.

"जोड नवा करून टाक," साहेब म्हणाले.

"भिंत हलायची थांबणार नाही साहेब. तीन महिन्यांनी परत हेच. खांबापासून बिनजोड वायर टाकायला पाहिजे, गच्चीवरून."

"घरातल्या मशिनरीला आपण काय करणार? ते कस्टमरनं बघायचं."

"माग आधीपासून आहेत. जोड आपण दिलाय तिथं."

"थांब जरा," साहेब म्हणाले. बहुतेक व्हिडिओ परत बघत असावेत.

माझं बोलणं ऐकत मामा मागे येऊन उभे होते. ते म्हणाले, "रफीकभाई, साहेबांशी भांडू नका. तिच्या ड्युटीच्या वेळेला मी माग बंद ठेवतो. संध्याकाळी चालवू."

लावण्याही खाली उतरून तिथं आली होती. ती सासऱ्यांशी तेलुगूत काहीतरी बोलली. मामा मान खाली घालून ऐकत राहिले. मग मला कळावं म्हणून मराठीत म्हणाली, "मामय्या, माग बंद पाडून मला नोकरी करायची नाही. दोन्ही चाललं पाहिजे."

फोन चालूच होता. साहेबांनी ते ऐकलं असेल किंवा नसेल, मी विचारलं नाही. ते एवढंच म्हणाले, "उद्या स्टोअरमधून वायर घे. आणि रिपोर्टमध्ये 'नो फॉल्ट' लिहू नकोस आता."

दुसऱ्या दिवशी गच्चीवरून, कारखान्याची भिंत टाळून, अखंड वायर टाकली. मामांनी चारही माग पूर्ण वेगाने चालवले. लावण्या कॉम्प्युटरसमोर बसली, एक फाईल संपवली, दुसरी उघडली. मी दारात उभा राहून मोडेमकडे बघत होतो. ती पुढं माझ्याकडे बघायचंच विसरली, तेव्हा मी निघालो.

महिना संपल्यावर तिचा मेसेज आला. हैदराबादला जावं लागणार नव्हतं. मामांनी मला टॉवेल देऊ केला होता, तो मी घेतला, चांगला टिकलाय.

कंप्लेंटला गेलो की लोक माझ्यासाठी टीव्ही बंद करतात, मिक्सर थांबवतात, पोरांना बाहेर पाठवतात. चांगली माणसं असतात. त्यांना मी आता आधी एवढंच सांगतो, रोज जे चालू असतं ते चालू राहू द्या, आणि मला ऐकू आलं नाही तर जरा ओरडून बोला.