तांब्यावरचं नाव

सकाळी पाणी प्यायला पितळी तांब्या उचलला, तर त्यावरचं बायकोचं नाव घासून पुसट झालेलं दिसलं. लग्नात तिच्या वडिलांनी नाव घालून दिलेला तांब्या. मी चौथी शिकलेला, तेव्हा एकेक अक्षर लावून वाचलं होतं, गोदावरी.

तोंडाने मात्र ते कधी घेतलं नाही. आमच्यात नवरा-बायकोने एकमेकांचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. मी 'अगं' म्हणायचो, ती 'ऐकलं का' म्हणायची. साठ वर्षं तेवढ्यावर भागलं.

गेल्या महिन्यात तिच्या वर्षश्राद्धाला गुरुजींनी नाव विचारलं आणि मला ते आठवेना. मुलाने सांगितलं. लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. मी घाबरलो होतो.

नव्वदी ओलांडली. मरणाचं भय कधीच गेलं. पण मागे वळून बघतो तर माणसं धुरातून चालल्यासारखी दिसतात. उद्या तिचा चेहराही असाच पुसला गेला, तर एवढं जगलो ते कुणासोबत, हे मला कळणार कसं?

सुनेला म्हटलं, "हा तांब्या घासत जाऊ नकोस."

"अहो मामंजी, काळाकुट्ट होईल तो!"

"होऊ दे. मीही झालोय. मला घासतेस का?"

ती हसली. मला हसू आलं नाही.

आता रोज पाणी प्यायच्या आधी अक्षरांवर बोट फिरवतो आणि मोठ्याने म्हणतो, "गोदावरी." पहिल्या दिवशी लाज वाटली. आज शेवटचं अक्षर बोटाला लागलंच नाही, म्हणून दोनदा म्हटलं.