नवऱ्याच्या नावाची सिगारेट

बोटीवर पेर्लिता गुम्बानला सगळे नाकवाली म्हणत. केबिनचं दार उघडून तिने एक श्वास घेतला की आतल्या माणसाची कुंडलीच निघायची. कुणी गुडघ्याला बाम चोळलाय, कुणी बंदी असून ड्युरियनचं उग्र वासाचं फळ पिशवीत गुंडाळून आणलंय, कुणी न्हाणीघरात पंखा लावून चोरून सिगारेट ओढलीय. पंखा लावला की वास जातो, असं ओढणाऱ्याला वाटतं. वास कुठला जातोय. तो टॉवेलात जाऊन बसतो, आणि टॉवेल उचलायला पेर्लिताच असायची.

ती गिमारास बेटावरची, आंब्याच्या बागांमधली. बाप मासे धरायचा. नवरा समोरच्या इलोइलो बंदराच्या धक्क्यावर ओझी वाहता वाहता दुसऱ्याच दारी रमला, तेव्हा पेर्लिताने लेक आईच्या पदरात टाकली आणि बोटीवरची चाकरी धरली. परक्यांच्या गाद्या झटकता झटकता लेक नर्सिंगला गेलीसुद्धा. तिचं शिक्षण होईस्तोवर ही नोकरी टिकायला हवी, एवढंच पेर्लिताचं मागणं. बाकीची मागणी तिने केव्हाच घरच्या ट्रंकेत ठेवून दिली होती.

भीती मात्र ट्रंकेत मावली नाही, ती बरोबरच हिंडायची. आगीची भीती. आधीच्या बोटीवर कुणा शहाण्याने बाल्कनीतून जळतं थोटूक समुद्रात भिरकावलं. समुद्राला ते मिळालंच नाही. चालत्या बोटीच्या वाऱ्याने ते उलटं फिरवून खालच्या बाल्कनीत नेलं आणि खुर्चीवर वाळत टाकलेला टॉवेल पेटला. पेर्लिता चादरींचा गठ्ठा घेऊन त्याच केबिनीत होती. घराला आग लागली तर माणूस अंगणात पळतो. बोटीला अंगण कुठलं? आग विझली, माणसं वाचली, पण प्लास्टिक जळाल्याचा तो वास तिच्या नाकातून काही गेला नाही.

या बोटीवर म्हणून नियम कडक. केबिनीत ओढायची नाही, बाल्कनीत नाही, जेवायच्या जागी तर नाहीच. ओढायचीच असेल तर वरच्या उघड्या डेकवर, उजवीकडच्या मागल्या कोपऱ्यात, वाळूच्या कुंड्या ठेवल्यात तिथे. कुणी बाल्कनीत पेटवली तर दंड, आणि पुढच्या बंदरात सामानासकट खाली. केबिन झाडणारीने पाहून लपवलं तर तिचीही घरी रवानगी.

सिंगापूरहून पेनांग, पेनांगहून फुकेत अशी त्या बोटीची फेरी. त्यातले अर्धे प्रवासी जुगाराच्या टेबलासाठी आलेले. धूर सोडल्याशिवाय त्यांच्या हातून पत्त्याचं पान खाली पडत नसे. ते म्हणत, "कोपरा इतका लांब केलाय, तिथे पोचेपर्यंत माणसाची सवयच सुटायची." उरलेले अर्धे म्हणत, "आम्ही हवा खायला आलोय, धूर खायला नाही. तो कोपराही बंद करा." पेर्लिता याला 'हो सर' म्हणे, त्यालाही 'हो सर' म्हणे आणि झाडू पुढे सरकवी.

त्या फेरीला तिच्या रांगेतल्या एका केबिनीत एक म्हातारी एकटीच आली. क्वाह स्यू बी तिचं नाव, पेनांगचीच राहणारी. लेकीने सिंगापूरहून बोटीत बसवून दिलं होतं, आईला घरी पोचवायचं आणि तेवढीच हौस व्हायची म्हणून. चणीने एवढीशी, पण आल्या आल्या तिने उशा बदलून मागितल्या, चहाला नावं ठेवली आणि पेर्लिताच्या हातात संत्रं कोंबलं.

"खा गं पोरी. तुझा हा हाडांचा सापळा बघवत नाही."

"आंटी, मी आजी व्हायला आलेय. पोरी काय म्हणता?"

"मग आजींनी जास्त खावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेर्लिता केबिन आवरायला गेली आणि दारातच तिचं नाक ताठ झालं. जळक्या तंबाखूचा वास. म्हातारी पलंगावर बसून केस विंचरत होती. बाल्कनीतल्या टेबलावर चहाचा कप, कपात कच्चे तांदूळ, आणि तांदळात उदबत्तीसारखं उभं खोचलेलं सिगारेटचं थोटूक.

पेर्लिताने दार मागे लावून घेतलं. "आंटी, तुम्ही ओढता?"

"थू. त्या घाणीला मी तोंड लावेन?"

"मग हे काय?"

"हे आमच्या म्हाताऱ्याचं." म्हातारीने फणी खाली ठेवली. "पेटवायला एक झुरका घ्यावाच लागतो मेला. खोकून खोकून जीव गेला माझा."

तिचा नवरा आ हेंग मालवाहू बोटीवर आचारी होता. याच सामुद्रधुनीत, पेनांगच्या वाटेवरच्या दीपगृहाच्या पलीकडे, एका वादळात बोट बुडाली आणि त्याचं शरीर काही हाती लागलं नाही. चिंग मिंगला, पितरांच्या सणाला, सगळं गाव आपापल्या माणसांच्या थडग्यांवर जाऊन झाडतं, पुसतं, जेवण मांडतं. हिच्याकडे झाडायला थडगंच नाही. ती आयुष्यभर समुद्राकडे पाठ करून राहिली. आता लेकीने समुद्रावरच आणून बसवल्यावर तिने मनाशी ठरवलं, की त्याच्या घराजवळून जातोच आहोत तर रिकाम्या हाताने जायचं नाही.

"जिवंत होता तेव्हा घरात ओढू द्यायचे नाही मी," म्हातारी म्हणाली. "स्टूल दिलं होतं दाराबाहेर ठेवून. पावसातसुद्धा बाहेर. आता मीच पेटवून देतेय. हसत असेल मेला."

पेर्लिताला घर आठवलं. गिमारासला मृतांच्या दिवशी सगळं घर कबरीवर जाऊन बसतं, मेणबत्त्या लावतं, जेवतं, पत्ते खेळतं. तिथे तिच्या बापाच्या कबरीवर माडीचा पेला असायचा आणि पेल्याशेजारी थोरल्या भावाने पेटवून ठेवलेली सिगारेट. ती आपोआप जळत जायची, आणि आई म्हणायची, बघा, ओढतायत. ही ओढायची सिगारेट नव्हेच, असं पेर्लिताला वाटलं. ही तर मेणबत्ती झाली. नियम ओढणाऱ्यांसाठी आहे, मेलेल्यांसाठी थोडाच केलाय?

तिथेच तिचं चुकलं. पण त्या क्षणी हात पुढे झालाच. तिने थोटूक कागदात गुंडाळून खिशात घातलं आणि टेबल ओल्या फडक्याने पुसलं.

"आंटी, परत इथे पेटवायची नाही. वर कोपरा आहे, तिथे मी नेते तुम्हाला."

"त्या जुगाऱ्यांत? मला त्याच्याशी एकटीला बोलायचंय."

"मग नुसतं बोला. आग नको. शपथ घ्या."

म्हातारीने मान हलवली. हो की नाही, ते नीट कळलं नाही.

पेर्लिता ट्रॉली ढकलत बाहेर आली तो समोर पाक सुगेंग उभे. हे तिचे सुपरवायझर, जावा बेटाचे, बोलायला मऊ; ते तिला आपल्या भाषेत म्बाक, म्हणजे ताई, म्हणत आणि ती त्यांना पाक, म्हणजे साहेब. स्वतः लवंगेच्या सिगारेटी ओढायचे, त्यामुळे दुसऱ्याचा धूर त्यांना लगेच कळायचा. त्यांच्यामागे शेजारच्या केबिनीतले सिम नावाचे गृहस्थ होते. त्यांच्या बायकोला दमा होता, आणि आदल्या रात्री तिने बाल्कनीचं दार उघडलं तसा धूर आत आला होता.

"माझी बायको रात्रभर बसून होती," सिम म्हणाले. "आम्ही मुद्दाम धूर नसलेली बोट शोधून आलो. दम्याला काय कळतं, की तुमच्याकडे नियम आहे?"

माणूस खोटं बोलत नव्हता. डोळ्यांखाली काळं झालं होतं त्याच्या. पाक सुगेंगनी त्याला शांत करून पाठवलं आणि पेर्लिताकडे वळले.

"म्बाक पेर्लिता, ही रांग तुमची. काही दिसलं?"

खिशातलं थोटूक तिला निखाऱ्यासारखं लागत होतं. लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि तोंडातून शब्द सुटला, "नाही, पाक."

त्यांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "बरं. जेवणानंतर सुरक्षावाले एकेक केबिन बघणार आहेत. तुमचं नाक तरी फसत नाही, म्हणून विचारलं."

त्यानंतर तिच्या हातून एकही चादर सरळ घातली गेली नाही. म्हातारीला पुन्हा बजावावं म्हणून ती मधून मधून त्या दारावर जायची, पण म्हातारी जेवायला गेलेली. दुपारी वारा उठला. बोट हलकेच डुलू लागली, बाल्कन्यांची दारं आपटू लागली. पेर्लिता शेजारच्या केबिनीत उशीला अभ्रा घालत होती आणि भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला. कोरडा, ठसका लागल्यासारखा. पेटवायला एक झुरका घ्यावाच लागतो.

उशी तशीच टाकून ती धावली. दार वाजवलं, उत्तर नाही. आपल्या किल्लीने उघडलं तर वाऱ्याने पडदा छतापर्यंत उडालेला आणि म्हातारी बाल्कनीच्या कठड्यावरून खाली वाकलेली. पेर्लिताने तिला कमरेला धरून मागे ओढलं.

"आंटी, सिगारेट कुठेय?"

म्हातारीचे ओठ पांढरे पडले होते. "दीपगृह दिसलं म्हणून लावली गं. तो तर नुसता लोखंडी खांब निघाला, दिवा बसवलेला. तेवढ्यात वारा आला..."

टेबलावरचा कप आडवा. तांदूळ सगळीकडे सांडलेले. सिगारेट नाही.

"पाण्यात पडली?"

"माहीत नाही. खाली गेली."

पेर्लिता कठड्यावर वाकली. खालच्या बाल्कनीचं नुसतं टोक दिसत होतं, त्यावर निळ्या टॉवेलाचा एक कोपरा फडफडत होता. धूर दिसेना. तिने श्वास ओढला. वाऱ्यात मीठ होतं, डिझेल होतं, आणखी काही आहे की नाही ते कळेना. आयुष्यात पहिल्यांदा नाकाने तिला दगा दिला.

पडली असेल पाण्यात. बहुतेक पडलीच असेल. दार लावून घ्यायचं, तांदूळ झाडून टाकायचे, सुरक्षावाले आले की हसायचं. लेकीचं शेवटचं वर्ष. म्हातारी तिच्या बाहीला धरून उभी होती.

पलंगाशेजारी भिंतीवर फोन होता. तो उचलला की सकाळचं 'नाही' उघडं पडणार. पेर्लिताच्या डोळ्यांपुढे टॉवेलाचा कोपरा फडफडला, आणि जुनी बोट आठवली, चादरींचा गठ्ठा आठवला. तिने फोन उचलला.

"माझ्या रांगेतून जळती सिगारेट खालच्या बाल्कनीत पडलीय," ती म्हणाली. "लवकर माणसं पाठवा." आपलं नाव सांगितलं, केबिन सांगितली आणि फोन ठेवला.

खालच्या बाल्कनीत टॉवेलाच्या घडीमध्ये थोटूक सापडलं. टॉवेल धुमसत होता, खुर्चीच्या उशीला भोक पडून आतला स्पंज काळा झाला होता. आत पलंगावर एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन झोपलेली, दार अर्धं उघडं. आलेल्या माणसांनी आधी ते दार लावलं आणि मग पाणी ओतलं.

पाक सुगेंग वर आले तेव्हा त्यांच्या बाहीला जळक्या स्पंजाचा वास होता.

"सकाळी तुम्ही नाही म्हणालात."

"हो, पाक. खोटं बोलले." तिने खिशातला कागद काढून त्यांच्या हातात दिला. "ती ओढत नाही. याच पाण्यात बुडालेल्या नवऱ्यासाठी लावते, दीपगृह दिसलं की. मला वाटलं, ही निराळी गोष्ट."

"मीही आईच्या कबरीवर फुलं वाहतो," ते हळूच म्हणाले. "पण आगीला कळतं का, कुणाच्या नावाने लावली ते?"

म्हातारी मध्ये पडली, "हिला काही करू नका, माझा दंड दुप्पट घ्या." पाक सुगेंगनी नकारार्थी मान हलवली. फोन केला हे ते वरच्यांना सांगणार होते. पण ती सकाळी खोटं बोलली हेही सांगणार होते, कारण खालच्या केबिनीतलं बाळ त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. निकाल संध्याकाळी आला. म्हातारीला दंड, आणि दोघींनी पेनांगला उतरायचं; म्हातारी तशीही तिथेच उतरणार होती. पेर्लिताची चाकरी संपली.

"खरं दीपगृह अजून यायचंय," पाक सुगेंग जाता जाता म्हणाले. "कोपऱ्यात वाळूच्या कुंड्या आहेत. तुमची कामाची वेळ संपलीय, म्बाक. कुणाला वर सोबत करायची असेल तर करा."

कोपऱ्यात जुगाराच्या टेबलावरून उठून आलेले बाप्ये दाटीने उभे होते. म्हातारीने शिरता शिरताच नाकाला पदरासारखा रुमाल लावला.

"किती घाण करून ठेवलीय. बाजूला व्हा जरा."

"आजी, हा ओढायचाच कोपरा आहे," एक जाडा माणूस म्हणाला.

"माहितेय. मीही ओढायलाच आलेय."

सगळे हसले. तिने पिशवीतल्या पाकिटातून सिगारेट काढली, पण वाऱ्यात काडी टिकेना. जाड्याने तळवे आडवे धरले, आपला लायटर पुढे केला. म्हातारीने एक झुरका घेतला, डोळ्यांतून पाणी येईतो खोकली आणि सिगारेट कुंडीतल्या वाळूत उभी खोचली. मग हात जोडून दीपगृहाकडे तोंड केलं. हसणं थांबलं. कुणीतरी आपली सिगारेट पाठीमागे धरली. ती काय पुटपुटली ते वाऱ्याने नेलं. पेर्लिताला एवढंच ऐकू आलं, की तिथे पाऊस आहे का.

पेर्लिताने वाळूकडे डोळे लावले होते. शेवटची ठिणगी विझली, तिने बोटाने दाबून पाहिलं, आणि मगच ती हलली.

पेनांगला दोघी एकाच शिडीने उतरल्या. पेर्लिताचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. बोटीच्या एजंटाचा माणूस हॉटेल दाखवायला आला, तर म्हातारीने त्याला हाकलून दिलं आणि पेर्लिताची बॅग आपल्या टॅक्सीत टाकली. वाटेत पेर्लिताने लेकीला फोन लावला. लेकीने घडलं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, ते बाळ बरं आहे ना?" आणि पेर्लिताला त्या दिवसात पहिल्यांदा रडू आलं.

म्हातारीचं घर जुन्या दुकानांच्या रांगेत होतं. कुलूप काढताना तिने पायाने काहीतरी बाजूला सारलं. दाराबाहेर भिंतीला टेकून एक बुटकं लाकडी स्टूल होतं, बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेलं.

"बस," म्हातारी म्हणाली. "मी भात टाकते."

"आत येऊ का मदतीला?"

"बस म्हटलं ना. बऱ्याच दिवसांत कुणी बसलं नाही त्याच्यावर."

पेर्लिता बसली. पुढे काय, हे तिला माहीत नव्हतं. घरातून आल्याचा आणि उकळत्या भाताचा वास येत होता. तिने खोल श्वास घेतला. जळकं कुठेच काही नव्हतं.