हद्दीपासून दोन तास अलीकडे

कमी पैशात प्रवास कसा करावा, असं कोणी विचारलं की घरातले सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. काटकसरीत माझा हात कोणी धरणार नाही, हे मलाही मान्य आहे. डहाणू-तलासरीकडे जायचा बेत करणाऱ्या वाचकांसाठी माझ्या पहिल्या सहलीची हकिगत लिहिते. साठ वर्षांहून जास्त झाली, त्यामुळे भाड्यांचे आकडे आठवतात तसे दिले आहेत. वाद घालू नये.

महाराष्ट्र झाला त्या वर्षीची दिवाळीची सुटी. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि आम्ही दोघं मिळून कुठेही गेलो नव्हतो. माझे यजमान शाळेत भूगोल शिकवायचे. मे महिन्यात राज्य नवं झालं, पण जूनमध्ये वर्गात टांगायला नकाशा जुनाच होता. यांनी त्यावर लाल पेन्सिलीने गुजरातची हद्द आखून घेतली. तर मुलं विचारायला लागली, "सर, तिथं खरंच रेघ असते? भिंत आहे का? पलीकडची माती वेगळी दिसते का?" यांना सांगता येईना. घरी येऊन म्हणाले, "तलासरीच्या पुढे अच्छाड म्हणून गाव आहे. तिथे एकदा उभं राहून येतो. सुटी संपली की वर्गात सांगेन."

माझं मन दुसरीकडेच गुंतलं होतं. शेजारचे शिंपीकाका कायमचे गावी निघाले होते आणि त्यांचं पायाचं शिलाई मशीन विकायचं होतं. सुटीनंतरच्या सोमवारपर्यंत वीस रुपये इसार दिला, तर बाकीचे हप्त्याने घ्यायला ते तयार होते. मशीन आलं असतं तर बाहेरची शिवणं घेता आली असती, स्वतःचे चार पैसे हातात आले असते. घरात होते चौतीस रुपये. सहल करायची, पण वीस परत आणायचे, यावर आमचं ठरलं.

मुंबई सेंट्रलहून पॅसेंजर, तिसरा वर्ग. दोघांचे जायचे साडेपाच, यायचे साडेपाच. म्हणजे चार दिवस राहायला, खायला आणि फिरायला तीन रुपये. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तांदूळ-डाळ आणि वातीचा स्टोव्ह बरोबर घेतला. डहाणू रोडला स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत भाडं नव्हतं, दानपेटीत काय टाकाल ते. मी चार आणे टाकले. मी पाठ वळवल्यावर यांनी आणखी चार टाकले, ते मला आवाजावरून कळलं. संध्याकाळपर्यंत मी यांच्याशी धड बोलले नाही.

दुसरा दिवस डहाणूत गेला. टांगा केला नाही, पायीच फिरलो. चिकूच्या वाड्यांच्या फाटकाशी वाऱ्याने पडलेले चिकू स्वस्तात मिळायचे, एका आण्यात ओटीभर. दुपारचं जेवण त्यावर झालं. समुद्राला मात्र कोणी पैसे मागत नाही, तो आम्ही पोटभर पाहिला. किनाऱ्यावर बांबूंना दोऱ्या बांधून त्यावर बोंबील वाळत घातले होते. आमच्या घरी मासळी चालत नसे, म्हणून मी नाकाला पदर लावून उभी. यांनी मात्र तिथल्या बाईंशी गप्पा सुरू केल्या. हिराबाय त्यांचं नाव. पन्नाशीच्या, सुकी मासळी टोपल्यात भरत होत्या. तलासरीला बसने किती पडतात, असं मी विचारलं.

"मोटारीला कशाला पैसं घालता?" हिराबाय म्हणाल्या. "उंद्या सकाली गवताचा टरक रिकामा जातो तिकडं. मी बी जाताव सुकं घेऊन. चला माज्यासंगं."

"भाडं?"

"डायवरला मी दोन मुठी बोंबील देताव. तुमी काय दोघं जड हाव?"

तेव्हा तलासरीकडचं वाळलेलं गवत ट्रकमधून डहाणू रोड स्टेशनला यायचं आणि तिथून मुंबईच्या तबेल्यांत जायचं. जाताना ट्रक रिकामे. फुकट प्रवास! मी तर मनातल्या मनात मशीनचं पायडल मारायला लागले होते.

तिसऱ्या दिवशी उजाडता निघालो. चारोटीला ट्रक उत्तरेला वळला. दोन्ही बाजूंनी कापलेल्या भाताची शेतं, मागे डोंगर, आणि आम्ही दोघं मासळीच्या टोपल्यांना टेकून बसलेलो. यांचा चेहरा असा उजळला होता की वास मीही विसरले. तलासरीच्या अलीकडे एका पाड्यावर उतरलो. "गाडी भरली का निघू," असं ड्रायव्हर हिराबायला म्हणाला आणि ट्रक गवताच्या गंज्यांकडे गेला. मी हिशेब केला: भरायला दोन-तीन तास, म्हणजे बारापर्यंत परत.

हिराबाय ज्या घरी आल्या होत्या ते सोनीबायचं. भात पिकवणारं घर, अंगणात नवं धान्य पडलेलं. दरवर्षी कापणी झाली की हिराबाय सुकी मासळी आणायच्या आणि सोनीबाय बदल्यात भात द्यायची. पैशाचा संबंध नाही. दोघींच्या आयांच्या वेळेपासून असंच चाललेलं. मी वाट बघत होते कधी मापं होतात याची. पण या दोघी बसल्या त्या बसल्याच. कोणाचं लग्न झालं, कोणाची म्हैस व्याली, कोणाची होडी फुटली. टोपल्यांवरची फडकीसुद्धा निघाली नव्हती.

तेवढ्यात हे रस्त्यापर्यंत जाऊन आले. "अगं, अर्ध्या तासात अच्छाडकडची बस आहे. चालत गेलं तर दोन तास, बसने काहीच नाही. जाऊन येऊ?"

परतीचं भाडं आणि वीस रुपये वेगळे ठेवून माझ्याकडे एक रुपया आणि थोडी चिल्लर उरली होती. अच्छाडचं जाणं-येणं त्यात बसत होतं. पण मधल्या वेळात ट्रक गेला तर? डहाणूपर्यंत दोघांचं बसभाडं विसातून काढावं लागलं असतं. मी तसं सांगितलं.

"मग हिराबायला विचारू, ट्रक नक्की कधी निघणार ते."

मी यांचा दंड दाबला. "नका विचारू! विचारलं की परतीच्या भाड्याचा विषय निघेल. आता गप्प आहेत, तर राहू द्या."

हे रस्त्याकडे बघायला लागले.

"आणि तिथे असणार काय हो?" मी म्हणाले. "एखादा दगड असेल."

"हो," हे म्हणाले. "दगडच असेल." हद्दीचं चित्र काढायला आणलेला कागद यांच्या हातात होता, तो त्यांनी खिशात घातला. बस आमच्या डोळ्यांसमोरून गेली.

बारा वाजले. एक वाजला. सोनीबायने नाचणीची भाकरी आणि भाजी आमच्यापुढे ठेवली. तीन वाजता माझा धीर सुटला आणि मी विचारलं, "हिराबाय, ट्रक कधी निघायचा?"

"उंद्या," हिराबाय म्हणाल्या.

"उद्या? ड्रायव्हर तर म्हणाला, भरली की निघू."

"भरायला आजचा दीस लागंल ना! आन मी बी काय आज उठताव? मापं सकाली होतील. माप घेऊन लगीच उठली तं ही म्हनंल, धंद्यालाच आली. येक रात र्‍हावाचाच लागतं." मग यांच्याकडे बघून म्हणाल्या, "तुमाला कुटं जावाचा होता का? मंग सकाली बोलावाचा ना. आता गेलं तं परतीची मोटार नाय, आन पायी येवाचा तं अंधार पडंल, जंगल हाय."

मला फार लाज वाटली. एक प्रश्न विचारला असता, तर यांच्या हाताशी अख्खा दिवस होता. तो प्रश्न मी पैसे वाचवायला विचारला नाही, आणि तो विचारायला एक पैसाही लागत नव्हता. हे मात्र मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

सकाळी मापं झाली. हिराबाय मापावर शीग लावून वर आणखी मूठभर बोंबील ठेवत होत्या आणि सोनीबाय "बस गं, बस कर" म्हणत होती. मग भाताचं माप आलं तेव्हा नेमकं उलटं. एरवी मी अशा व्यवहाराला वेडेपणा म्हटलं असतं. त्या दिवशी मी खाली बघत उभी राहिले. ड्रायव्हरने हॉर्न दिला. आम्हाला गवतावर चढवलं, इतकं उंच की तारेच्या खांबांची टोकं जवळून जात होती. मी डहाणूकडे तोंड करून बसले. हे उत्तरेकडे तोंड करून बसले, पार चारोटीचं वळण येईपर्यंत.

सोमवारी मी शिंपीकाकांना वीस रुपये दिले. वर सव्वा रुपया उरला होता. सासूबाई शेजारीपाजारी कौतुकाने सांगत होत्या. शाळा उघडल्यावर यांनी वर्गात चिकू, गवताचे ट्रक, मासळी देऊन भात घेणाऱ्या बायका असं सगळं सांगितलं. हद्द पुढच्या सुटीत, असं मुलांना म्हणाले. पुढच्या सुटीत मला दिवस गेले होते, त्याच्या पुढच्या सुटीत सासूबाई आजारी होत्या.

आज जाणाऱ्यांना सगळं सोपं आहे. डहाणू रोडपर्यंत थेट लोकल जाते, तिथून एसटी आहे, अच्छाडला नाक्यावर ढाबे आहेत. शिदोरी न्या, पडलेले चिकू घ्या, टांगा-रिक्षा वाचवा, हे माझे सल्ले अजूनही तेच. मशीन घेतल्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. त्यावर दोन मुलांची शिक्षणं झाली.

पण एक सांगायचं राहिलं. त्या सहलीनंतर सहा वर्षांनी, शिवणाच्या पैशांतले दहा रुपये मी यांच्यासमोर ठेवले आणि म्हटलं, "चला, अच्छाडला जाऊन येऊ. या खेपेला सगळा प्रवास बसने."

हे वह्या तपासत होते. हसले आणि म्हणाले, "नको आता."

"माझा राग आहे का अजून?"

"छे, राग कसला? मला ती रेघ नवी असताना बघायची होती गं. ज्या मुलांनी विचारलं होतं ती शाळा सोडूनही गेली. आताची मुलं विचारत नाहीत. नव्या नकाशात ती छापूनच येते."

एवढं बोलून यांनी पुढची वही उघडली. त्या दिवशी मी एका ब्लाउजच्या बाह्या दोनदा चुकीच्या बाजूला जोडल्या, आणि दोनदा उसवल्या.